तात्पुरत्या दाताची मुदतवाढ

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार.
आजपासून ही वही. कंपनीत बावीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या मालाच्या नोंदी ठेवल्या, आता स्वतःच्या ठेवणार. वाचणारा मी एकटाच, तेव्हा सगळं खरं लिहायचं.

कंपनीची गुरुवारची सुट्टी सत्कारणी लागली. माझा वरचा पुढचा एक दात आठ वर्षं नाही. आठ वर्षं प्रत्येक फोटोत मी तोंड मिटून उभा. आता मोनिकाचा, म्हणजे आमच्या एकुलत्या एक मुलीचा, साखरपुडा १४ डिसेंबरला ठरला. तुला काय पाहिजे विचारलं तर म्हणाली, पप्पा, फोटोत दात दाखवून हसायचं, बाकी काही नको. मी शब्द दिला.

मोशीच्या डॉक्टर स्वरूपा मॅडमनी फटीच्या दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून बारीक केले आणि त्यांवर तीन दातांचा जोड बसवला. हा प्लॅस्टिकचा, तात्पुरता. पक्का लॅबमधून येणार, तो २० तारखेला बसवायचा. तोवर चिकट नको, कडक नको. निघाला तर तो घेऊन लगेच यायचं, घरी काही करायचं नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं. मला एकदा सांगितलं तरी कळतं.

इंजेक्शनला घाबरलो वगैरे नाही. खुर्चीचा हात निखळून माझ्या हातात आला, तो स्क्रू ढिला होता म्हणून. तसं मॅडमच्या लक्षात आणून दिलं. घरी बायको, साधना, म्हणाली, पुढच्या वेळी मी येते बरोबर. मी म्हणालो, मी काय बालवाडीत आहे?

८ नोव्हेंबर, शनिवार
दाताची चेकशीट तयार केली. आरशाशेजारी चिकटवली. रकाने: तारीख, हलतो का, दुखतो का, गॅप, सही. शेवटचा रकाना शेरा. तो कायम रिकामा राहील असं काम करायचं.

गॅप मोजायला कंपनीतून पत्तीचं गेज आणलं. दोन लोखंडी भागांमधली फट मोजायची पातळ पत्ती असते, ती दातांत धरली. शून्य. मुलीने विचारलं, पप्पा काय करताय? इन्स्पेक्शन, म्हणालो. पत्ती दातांत होती, त्यामुळे तिला नीट कळलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळच्या मीटिंगमध्ये दोनदा हसलो. तसं हसण्यासारखं काही नव्हतं, रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढलंय हे सांगत होते. प्रीतम साहेबांनी विचारलं, हिंदुराव, यात आनंदाचं काय आहे? वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत.

धनेश, माझा शिफ्टमधला जोडीदार, म्हणाला की राव, तुम्ही तर एकदम हिरो दिसायला लागलात. तेव्हापासून मी विचार करतोय. प्लॅस्टिक एवढं चांगलं असेल तर पक्क्याची घाई कशाला? लाइन तीनवरचं ब्रॅकेट सहा वर्षं तारेने बांधलेलं आहे. एक दिवस बंद पडलेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पुढच्या आठवड्याची चेकशीट आजच भरून टाकली. ओके, ओके, ओके, सही. रोज तेच लिहायचं असेल तर रोज का लिहायचं? लाइनवर सगळे असंच करतात. ते पकडणं माझंच काम आहे, त्यामुळे पद्धत मला चांगली माहीत आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अपॉइंटमेंट अकराची. पावणेअकराला क्लिनिकच्या जिन्यात होतो. वरून मशीनचा आवाज आला. त्याच क्षणी आठवलं की घरी गॅस सिलिंडर आला तर घ्यायला कोणी नाही. परत फिरलो. सिलिंडर आला नाही. साधना घरीच होती.

घरी सांगितलं, मॅडम बाहेरगावी गेल्यात.

मन साफ राहावं म्हणून रीतसर डेव्हिएशन काढलं. कंपनीत हा कागद असतो: माल ड्रॉइंगप्रमाणे नाही, पण चालण्यासारखा आहे, अमुक तारखेपर्यंत वापरायला परवानगी. कारण, मुदत, सही. कारणात लिहिलं, चाकण रोडचं ट्रॅफिक. मुदत २७ नोव्हेंबर. मागणारा मी, तपासणारा मी, मंजूर करणारा मी. एवढ्या झटपट कंपनीत कधी होत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मुदतवाढ क्रमांक एक. कारण: कस्टमरचं ऑडिट. ऑडिट जानेवारीत आहे, पण तयारी आत्तापासूनच केलेली बरी. नवी मुदत ४ डिसेंबर.

क्लिनिकमधून भाग्यश्री नावाची मुलगी फोन करते. काका, तुमचे दात येऊन पडलेत, कधी येताय? चारदा झालं. तिचा नंबर विमा एजंट म्हणून सेव्ह केला. आता फोन वाजला की विमा एजंट दिसतो आणि मला कापायला काही वाटत नाही.

आमचे घरमालक भिमाजीअण्णा, कुरुळीचे जुने रहिवासी, वय ऐंशीच्या पुढे, तोंडात तीन दात. त्यांचं मत घेतलं. म्हणाले, आमी कंदी डाक्टर बगितला न्हाई. दात हाय तवर हाय. बगा, माजं काय अडलंय का? काहीच अडलेलं नाही. हे बोलताना ते केळं खात होते.

२ डिसेंबर, मंगळवार
धनेश लोणावळ्याहून चिक्की घेऊन आला. चिकट आणि कडक दोन्ही नको, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण एकाच वस्तूत दोन्ही असेल तर काय, हे म्हणाल्या नव्हत्या. तिसऱ्या तुकड्याला आधी वाटलं मोठा शेंगदाणा आहे. हातात काढून बघितलं तर माझे तीन दात.

धनेश हादरला. म्हणाला, भाऊ, बाइकवर बसा, मी मोशीला सोडतो. मी त्याला शांत केलं. बावीस वर्षांत मी कधी घाबरून लाइन थांबवलेली नाही.

टूलरूममध्ये गम असतो, रबर लोखंडाला एका झटक्यात चिकटवतो. लावला, बसवला, तीसपर्यंत आकडे मोजले. वरचा ओठही थोडा चिकटला होता, तो हळूहळू सुटला. हलवून बघितलं, जागचा हलत नाही. मॅडमचं सिमेंट यापुढे काहीच नाही.

गॅप मोजली. जोड अर्धा मिलिमीटर उंच बसलाय, तोंड मिटलं की आधी तोच टेकतो. अर्ध्या मिलिमीटरने काय होतं? डेव्हिएशनमध्ये पास केला. घरी येऊन चेकशीट बघितली. आजच्या तारखेला शनिवारीच ओके लिहिलेलं होतं, म्हणून तशीच ठेवली.

४ डिसेंबर, गुरुवार
मुदतवाढ क्रमांक दोन. कारण: वस्तू उत्तम चालते आहे.

फक्त जेवताना ठणका लागतो. पाण्यानेही. चहानेही. थंडी यंदा जास्त आहे, त्याचा परिणाम. लवंग धरली.

७ डिसेंबर, रविवार
मोनिकाने विचारलं, पप्पा, पक्के दात बसवून झाले ना? मी म्हणालो, झाले की. तोंडातून निघून गेलं. ती जवळ आली, हनुवटी धरून बघितलं, म्हणाली, किती छान दिसतायत, उगीच एवढी वर्षं थांबलात. मग तिने जयदीपला, म्हणजे होणाऱ्या जावयाला, दापोडीला फोन लावला आणि सांगितलं की आमच्या पप्पांचे फोटो आता भारी येणार.

या वहीत खरं लिहायचं असं ठरवलं होतं. तर, मी पोरीशी खोटं बोललो. पण आठवडाभराचाच प्रश्न आहे. दात मजबूत बसलेला आहे. साखरपुडा झाला की लगेच जातो, मग ते खोटंही खरं होईल.

साधना ओट्याजवळ उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी माझ्या ताटात मऊ खिचडी आणि तिच्या ताटात भाकरी होती.

११ डिसेंबर, गुरुवार
डावा गाल थोडा भरल्यासारखा दिसतो. साधना म्हणाली, अहो, आज सुट्टी आहे, जाऊन या, पाहिजे तर मी रिक्षातच बसून राहते, वर येत नाही. मी म्हणालो, कार्य तोंडावर आलंय आणि तू मला दवाखान्यात पाठवतेस? हॉलवाल्याकडे जाऊन खुर्च्या मोजून आलो. त्या मोजायची गरज नव्हती. दोनशे होत्या.

मुदतवाढ क्रमांक तीन. कारणाचा रकाना भरायचा राहिला.

१४ डिसेंबर, रविवार
पहाटे उठलो तेव्हा डावा डोळा अर्धा मिटलेला होता. गाल मोजायला माझ्याकडे गेज नाही. तोंड एक बोट उघडत होतं, त्यापुढे नाही.

लिहिताना मला एकच गोष्ट सारखी टोचते. दात पडला नाही. मला रात्रंदिवस भीती होती ती पेढा भरवताना तो निघून येण्याची. तो शेवटपर्यंत जागचा हलला नाही. गम उत्तम निघाला. हसण्यापुरतं तोंडच उघडलं नाही.

अंगठ्या घालून झाल्या. फोटोवाला म्हणाला, मुलीचे वडील, जरा हसा की. मी प्रयत्न केला. तो म्हणाला, राहू द्या. मोनिका माझ्या उजव्या बाजूला होती, ती उठून डाव्या बाजूला येऊन बसली, सुजलेला गाल झाकला जावा म्हणून. माझा फेटाही थोडा खाली ओढला. मला एका शब्दाने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

व्याह्यांनी विचारलं तेव्हा तिनेच सांगितलं, पप्पांना मधमाशी चावली. पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली, तेही साखरपुड्याच्या दिवशी.

१८ डिसेंबर, गुरुवार. दुपारी चार.
सोमवारपासून गोळ्या चालू होत्या, साधनाने क्लिनिकला फोन करून विचारून आणल्या. सूज उतरली. आज गेलो. एकटाच.

मॅडम रागावल्या नाहीत. जोड निघेना, तो कापून काढावा लागला. मशीनचा तोच आवाज, यावेळी जिन्यातून नव्हे, तोंडातून. मग त्यांनी आरसा धरून दाखवलं. फटीच्या डाव्या बाजूचा दात, ज्याला आधी काहीही झालेलं नव्हतं, तो मुळापर्यंत चिरला होता. जोड अर्धा मिलिमीटर उंच होता, सोळा दिवस प्रत्येक घासाचा मार त्याच दाताने खाल्ला. मॅडम म्हणाल्या, जोड किंचित उंच बसला होता, एवढ्याशा उंचीनेही दात फुटतो. अर्धा मिलिमीटर मी त्यांना सांगितला नव्हता. मोजला मात्र मीच होता, आणि पासही मीच केला होता.

दात काढला. आता तिथे दोन दातांची फट आहे.

निघताना भाग्यश्रीने एक छोटी डबी दिली. आत पक्के दात, २० नोव्हेंबरपासून वाट बघत असलेले. रंग अगदी माझ्या दातांचा. आता ते कुठेच बसणार नाहीत. काका, नेता का, म्हणाली. आणले.

मला परत तात्पुरता दिला. हा जेवताना काढून ठेवायचा आहे. पुढच्या गुरुवारी जखम दाखवायला बोलावलंय. जखम भरली की नव्याने माप, नव्याने घासणं, नव्याने इंजेक्शन. मॅडमनी विचारलं, एवढे दिवस का आला नाहीत? ऑडिट, म्हणालो. मग डेव्हिएशनचे सगळे कागद आठवले. ट्रॅफिक, ऑडिट, उत्तम चालते आहे. आणि शेवटचा, ज्यात कारणच नव्हतं.

घरी येऊन मोनिकाला डबी दाखवली आणि सगळं सांगितलं. तिने डबी उघडली, बराच वेळ बघितलं, बंद केली. म्हणाली, लग्न मे महिन्यात आहे, पप्पा.

चेकशीट भिंतीवरून काढायला गेलो. सहा आठवडे ओके, ओके, ओके. शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. आजच्या तारखेपुढे लिहिलं: भीती वाटते. सही केली.

साधना मागे उभी होती. तिला म्हणालो, पुढच्या गुरुवारी येशील का बरोबर? येते की, म्हणाली. रिक्षात बसू का वर येऊ?

वर ये, म्हणालो.