पहिली ओळ कोरी असलेली पत्रिका

मी, हेस्टर ऑलरेनशॉ, वय एकाहत्तर, धंदा छपाई, राहणार टॉडमॉर्डन, यॉर्कशायर, खाली लिहिते ते पूर्ण शुद्धीवर, चष्मा पुसून आणि कुणाच्याही दडपणाला भीक न घालता लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांचा मी मागितलेला नाही. मागितला तरी मिळाला नसता.

१. सन १९८७ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. ते वाईट नव्हते. पण त्यात ॲव्हरिल थ्वेट हिचा उल्लेख ‘माझी भाडेकरू’ असा आहे, आणि या भाडेकरूची खोली चौतीस वर्षे फक्त शिवणयंत्र ठेवायला वापरली जाते.

२. येत्या ८ एप्रिल २००६ रोजी हॅलिफॅक्सच्या नोंदणी कार्यालयात ॲव्हरिलशी माझी नागरी भागीदारी नोंदवली जाणार आहे. माझे वकील श्री. क्रॅबट्री म्हणाले, “बाई, त्या दिवशी सही केलीत की आधीचं मृत्युपत्र आपोआप बाद. लग्न करणाऱ्यांचंही तसंच होतं.” म्हटलं, वा, म्हणजे लग्नवाल्यांच्या बरोबरीला आलो ते असे! तरी स्पष्ट लिहिते की हे मृत्युपत्र ॲव्हरिलशी होणारी ती नोंदणी डोळ्यांसमोर ठेवूनच केलेले आहे, आणि नोंदणीमुळे ते रद्द होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

३. दुकान व वरचे घर, त्यातील सर्व चीजवस्तू आणि बँकेतील ठेव ॲव्हरिल हिला द्यावी. १९७२ साली ती शाळेची स्वयंपाकीण होती. शाळेच्या सोडतीची पाचशे तिकिटे माझ्याकडून छापून घेतली आणि दुसऱ्या दिवशी भांडायला आली. “तिकिटांची शाई हाताला लागतेय.” मी म्हणाले, “मग हात धुवा.” तिसऱ्या दिवशी ती ऱ्हुबार्बच्या आंबट देठांच्या गोड पाकाचे भांडे घेऊन हजर. “धुतले. आता खा.” तेव्हापासून मी खातेच आहे. हे सारे तिला देताना मला काहीही जड जात नाही.

४. पायाने चालवायचे ट्रेडल छपाईयंत्र आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, सर्व केसेस रॉचडेलचे मुद्रक एनॉक बार्डस्ली यांना. १९६१ साली ते चारचौघांत म्हणाले होते की बाईच्या हातून शाई सांडायचीच. अट एकच: यंत्र त्यांनी स्वतः दुकानाच्या अकरा पायऱ्या उतरवून न्यावे. मी वरून बघत असेनच.

५. दुकानात खिडकीजवळच्या दगडी मेजावर दोरीने बांधलेला एक फर्मा, म्हणजे खिळ्यांनी जुळवलेला मजकूर, आहे. त्याचे खिळे कुणीही सोडवू नयेत. ती आमची पत्रिका आहे.

शेहेचाळीस वर्षे या खोऱ्यातल्या लोकांच्या लग्नपत्रिका मी छापल्या. मुलीच्या आईला कोणती सोनेरी शाई हवी आणि बापाला कोणती परवडेल, हे मला दोघांकडे नुसते बघून कळते. स्वतःची पत्रिका छापायची वेळ येईल असे कधी वाटले नव्हते. आता आली आहे तर मला ती हवी. हट्ट म्हणा.

कागद निवडण्यात दोन आठवडे गेले. विक्रेता “तुमच्यासारख्यांसाठी खास” म्हणून नमुन्यांची वही घेऊन आला. पहिल्या पानावर इंद्रधनुष्य. दुसऱ्यावर दोन नवऱ्या, दोघींची वये मिळून चाळीस. तिसऱ्यावर एकमेकांत अडकवलेली दोन वर्तुळे, खाली दांड्या.

ॲव्हरिलने चष्मा वर सरकवला. “सायकल आहे का ही?”

“स्त्रियांचं चिन्ह आहे ते, मॅडम.”

“मग बसायचं कुठं?”

त्याने वही मिटली. शेवटी सायीच्या रंगाचा जाड कागद आणि निळी शाई ठरली. शाळेच्या स्वयंपाकघरात ती घालायची त्या ॲप्रनचा निळा.

मग मजकूर. ‘विवाह’ म्हणायची सोय नाही, कारण कायद्याने तो विवाह नाही. नुसते ‘भागीदारी’ म्हटले तर ॲव्हरिल म्हणते, “लोकांना वाटेल आपण सुतळीचं दुकान काढतोय.” ‘नागरी भागीदारीचा सोहळा’ यावर तह झाला. तळाची ‘आहेर आणू नये, घरात चार किटल्या आहेत’ ही ओळ तिची.

अडले ते पहिल्या ओळीवर. पत्रिकेत सर्वांत वर बोलावणाऱ्याचे नाव हवे: आईवडील, आणि ते नसतील तर घरातले थोरले माणूस. माझ्याकडचे कुणी उरले नाही. ॲव्हरिलची थोरली बहीण, नोरा हॅलिवेल, दोन रस्ते पलीकडे राहते. मी म्हणाले, “आपणच बोलावू या की. लहान का आहोत?”

“आमच्या नोराचं नाव वर नसेल तर पत्रिकाच नको,” ॲव्हरिल म्हणाली. “आपण दोघी जाऊ, सह्या करू, मासे आणि चिप्स खाऊन घरी येऊ.”

एवढे बोलून ती बटाटे सोलायला बसली. आम्हा दोघींना आठवडाभर पुरतील इतके सोलले, त्यावरून काय ते मी समजले. नाव घालू का, असे विचारणारे पत्र नोराला धाडून पाच आठवडे झाले. उत्तर नाही. पहिल्या ओळीच्या जागी मी अक्षर नसलेले कोरे शिसे भरून ठेवले आहे. पत्रिका छापण्याआधी मी गेले आणि नंतर कधी नोराचा होकार आला, तर बार्डस्ली यांनी तिचे नाव बसवून एकच प्रत छापावी आणि ॲव्हरिलच्या हातात द्यावी. शाई वाळल्यावर.

६. सदर नोरा हॅलिवेल हिला मी दोन प्रुफे ठेवते. १९७९ आणि १९८३ साली झालेल्या तिच्या मुलींच्या लग्नांच्या पत्रिकांची. दोन्ही वेळा मिळून दोनशे चाळीस पत्रिका माझ्या हातून गेल्या, त्यातली एकही माझ्या नावाची नव्हती. आमच्या दारात आलेल्या पाकिटावर ‘मिस ए. थ्वेट’, बस्स. लग्नाची तारीख नवऱ्या मुलाच्या आईआधी मला ठाऊक, आणि त्या दिवशी मी घरी एकटी उकडलेले अंडे खात बसलेली. ॲव्हरिल हातरुमालात केकचा तुकडा चोरून आणायची. तो मी रागारागाने खायचे, पण खायचे. प्रुफांच्या पाठीवर मी लिहिले आहे: ‘छपाई उत्तम, पत्ता अपुरा.’ नोराने ती चौकटीत बसवून बैठकीत लावावीत.

७. माझ्या अंत्यविधीला काळे कपडे नकोत. शोकपत्रिकेवर लिलीची फुले तर मुळीच नकोत. आयुष्यभर ती छापून मला त्यांचा वीट आला आहे. ग्लेडहिल खाटकाकडचे मटण भरलेले पॅटिस आणावेत, आणि बार्डस्ली यांना एकच द्यावा.

८. हे कलम मी आज, सह्यांच्या दिवशी, हाताने वाढवत आहे. क्रॅबट्री समोर चहा पीत आहेत आणि घड्याळाकडे बघत नसल्याचे सोंग करत आहेत.

साक्षीदार म्हणून ग्लेडहिल आले. दुसरा साक्षीदार, क्रॅबट्रींचा कारकून, बर्फामुळे डोंगरापलीकडेच अडकला, आणि आपण केलेल्या मृत्युपत्रावर स्वतः साक्ष द्यायची नाही हा क्रॅबट्रींचा नियम. तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली. पाहते तर नोरा, टोपीवर बर्फ, हातात माझे पत्र.

“पाच आठवडे झाले,” मी म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो!

“मोजायला येतं मला,” ती म्हणाली. “बसू की उभीच राहू?”

ॲव्हरिल आतून आली आणि दारातच थांबली. नोरा माझ्याकडेच बघून बोलत होती. “त्या दोन्ही लग्नांना मी पाकीट पुढ्यात घेऊन बसले होते. तुझं नाव काय म्हणून घालू? भाडेकरू? मैत्रीण? लोक काय म्हणतील, याला भ्यायले. खोटं कशाला सांगू? म्हणून काहीच नाही घातलं. केक तेवढा बांधून दिला.”

“तो ॲव्हरिलनं चोरला होता.”

“ही चोरते? हिला साधी थाप मारता येत नाही. दोन्ही वेळा मीच कापून दिला होता. कडेचा. साखर जास्त असलेला.”

मी ॲव्हरिलकडे पाहिले. ती म्हणाली, “नोरानं दिलाय म्हटलं असतं तर तू खाल्ला असतास?”

नसता खाल्ला.

नोराने पत्र मेजावर ठेवले. मागच्या बाजूला पेन्सिलीने, खोडून खोडून, एक ओळ लिहिली होती: ‘श्रीमती नोरा हॅलिवेल आपली बहीण ॲव्हरिल हिच्या सोहळ्यास आपणास अगत्याने बोलावते.’ “हे लिहायला पाच आठवडे लागले,” ती म्हणाली. “तुला रोजची सवय आहे. मला नाही.” ॲव्हरिल तिच्या गळ्यात पडून रडली. मीही रडले आणि शाईचा हात डोळ्यांना लावला, त्यामुळे आणखी रडले. कोरे शिसे काढले आहे. ओळ बसली आहे.

आता कलम ६. मी ते खोडायला निघाले, तर क्रॅबट्री म्हणाले, “खोडलंत तर शेजारी सर्वांच्या सह्या लागतील, आणि दुसरा साक्षीदारच नाही.” मग नोराकडे वळून म्हणाले, “तुम्ही होऊ शकता. पण कायदा असा की साक्षीदाराला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. तुमच्या नावे जे ठेवलंय ते बुडेल.”

“काय ठेवलंय?” नोराने मला विचारले.

“दोन जुनी प्रुफं,” मी म्हणाले. “आणि एक टोमणा.”

“मग आणा ते पेन.”

ठिकाण: टॉडमॉर्डन. दिनांक: ११ मार्च २००६.

हेस्टर ऑलरेनशॉ (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष तिने सही केली, व तिच्या समक्ष आम्ही केल्या:

१. वॉल्टर ग्लेडहिल (सही). व्यवसाय: खाटीक.

२. नोरा हॅलिवेल (सही). व्यवसाय (तिने स्वतःच्या हाताने, न खोडता लिहिला): नणंद.