रोज पाच चाळीसची बरणी

हाटेम, मंगळवार, सप्टेंबरचा दुसरा आठवडा

तीर्थरूप ऊबेलेकाकांना सीत्सेचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे, जातं फार कुरकुरत नाही ना, चित्स्केकाकूंच्या कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या का, हे सगळं मला मनापासून जाणून घ्यायचं आहे. पण आधी एक सांगतो. तुमचं पत्र काल मिळालं. शनिवारी हार्लिंगनचा कोणी माणूस येऊन आजोबांची शिडाची बोट विकत घेणार आणि त्या पैशांतून तुम्ही मोहरी दळायचं दुसरं जातं नि बरण्या भरायचं यंत्र आणणार, असं तुम्ही लिहिलं आहे. काका, हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत त्या माणसाला बोटीवर पाय ठेवू देऊ नका. कॉफी द्या, काकूंची बिस्किटं द्या, पण बसवा धक्क्यावरच.

फोन का नाही केला, असं काकू विचारतील. मी कॉलेज सोडल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही ओरडलात, मी त्याहून मोठ्याने ओरडलो, आणि शेवटी काकूंनी फोन घेऊन आपल्या दोघांनाही झोपायला जायला सांगितलं (तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते). पत्रात निदान एका वेळी एकालाच ओरडता येतं.

त्या कॉलेजचं आधी सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. विषय होता माल कसा बनतो, कुठे साठतो, कोणाकडून कोणाकडे जातो याचा. ब्रान्ड्स्मा सरांनी एक दिवस आम्हाला चौघाचौघांना टेबलांवर बसवून खेळ मांडला. एक दुकानदार, एक घाऊक व्यापारी, एक गोदामवाला आणि एक कारखानदार. प्रत्येकाने आपल्या मागच्याकडे फक्त एक चिठ्ठी सरकवायची, तिच्यावर किती माल हवा तो आकडा. बोलायचं नाही, पुढे डोकावायचं नाही. मी कारखानदार होतो. चिठ्ठीवर आधी चार आले, मग आठ, मग वीस, मग साठ. मी घाम गाळत लाकडी सोंगट्या पुढे ढकलत राहिलो, आणि अचानक शून्य. त्यावर पुन्हा शून्य. माझ्यासमोर सोंगट्यांचा ढीग. मी शेजारच्या पोरावर लबाडीचा आळ घेतला. सर शांतपणे म्हणाले, "गिऱ्हाइकाची मागणी एकदाच वाढली होती, चारावरून आठावर. बाकीचं तुम्ही चौघांनी मिळून केलंत." मी म्हणालो, "सर, इतके गाढव एका साखळीत सापडत नाहीत." सर म्हणाले, "चारच लागतात, सीत्से." वर्ग हसला. मी पट उलथवला आणि जो बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. (काही सोंगट्या अजून कपाटाखाली सापडतात म्हणे.)

आता मी झ्वोल्लेच्या एका गोदामात बसतो हे तुम्हाला माहीत आहे. चाळीस सुपरमार्केटांची लोणची, व्हिनेगर, सॉस आणि मोहरी माझ्या टेबलावरून जातात. म्हणजे आकडे जातात. बरण्या मी पाहतसुद्धा नाही.

बरण्या मी पाहतो त्या इथे, हाटेमच्या दुकानात. तिथे हल्ली सगळे यंत्रावर आपलं आपण बिल करतात आणि नमस्कारही न करता बाहेर पडतात. माणसाचा असा एकच गल्ला उरला आहे, गप्पांचा. ज्यांना घाई नाही आणि घरी बोलायला कोणी नाही, त्यांनी त्या रांगेत उभं राहायचं. सगळी मंडळी सत्तरीच्या पुढची, कोणाच्या हातात काठी, कोणाची चाकांची ढकलगाडी. आणि त्यांत मे महिन्यापासून मी. कारण त्या गल्ल्यावर निन्के बसते. निन्केबद्दल मी इथे लिहीत नाही. लिहायला लागलो तर जात्याचा विषय राहून जाईल. एवढंच सांगतो की ती समोरच्याचं बोलणं ऐकताना हातातली वस्तू तशीच धरून ठेवते, मग ते दूध असो की गोठवलेला वाटाणा, आणि ते वितळेपर्यंत ऐकते.

रिकाम्या हाताने रांगेत उभं राहता येत नाही, म्हणून पहिल्या दिवशी मी तुमची मोहरीची बरणी उचलली. लेबलवरचं आपल्या गिरणीचं चित्र दिसलं म्हणून. निन्केने विचारलं, "चांगली असते का हो ही?" आणि काका, मी वीस मिनिटं बोललो. जात्याचा दगड कुठला, दाणे किती वेळ भिजवायचे, तुम्ही चव बघताना डावा डोळा कसा मिटता, सगळं. माझ्या मागे हुल्सेबॉस बाई होत्या, वय चौऱ्याऐंशी. त्या म्हणाल्या, "पोरा, आटप. माझ्या पिशवीतला गोठवलेला मासा आता पोहायला लागेल." एवढं भाषण ठोकल्यावर दुसऱ्या दिवशी मी काय टोमॅटो घेऊन जाणार? पुन्हा बरणीच घेतली. मग रोज, कामावरून परतताना. शनिवारी दोन, कारण रविवारी निन्के नसते. माझ्या खोलीत आता मोज्यांना जागा नाही.

जूनमध्ये एक दिवस फळीवर बरणीच नव्हती. मी तसाच परत फिरलो, आणि रात्री कोणाशीही सरळ बोललो नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आकडा आला, की हाटेमने नेहमीपेक्षा दोन खोकी जास्त मागवली आहेत. असावीत हाताशी, म्हणून. मी त्यांची चार केली. असावीत हाताशी. मुख्य कचेरीने पाहिलं की हाटेमात मोहरी जोरात आहे, तेव्हा उरलेल्या एकोणचाळीस दुकानांतही ठेवायला हवी. त्या प्रत्येक दुकानाने वर एक खोकं मागवलं, आणि खरेदीवाल्यांनी, गिरणी लहान आहे, माल उशिरा येईल, असा विचार करून सगळं दुप्पट केलं. असं करत महिन्याला चार खोकी घेणाऱ्यांनी तुमच्याकडे तीनशे मागितली. मी तर गोदामभर सांगत सुटलो होतो की काकांचे दिवस आले. काकूंनी ही बातमी चर्चच्या गायनमंडळात सांगितली हे तुमच्या पत्रात वाचलं, तेव्हा माझी छाती फुगली. पुढच्या ओळीत बोट होती.

बोटीचं वाचल्यावर मात्र मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की एवढी मोहरी खातंय कोण? आज सकाळी मी चाळीसही दुकानांची विक्री काढली. एकोणचाळीस दुकानांत बरण्या नुसत्या उभ्या आहेत. विकल्या जातात त्या हाटेमात. माझं डोकं फिरलं. मुख्य कचेरीला फोन लावून विचारलं की कोणत्या गाढवाने हे आकडे चढवले. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "तुमच्याच टेबलावरून येतात ना ते?" मी फोन आपटला, सायकल काढली, पूल ओलांडून थेट दुकानात गेलो आणि भर दुपारी, गप्पांच्या गल्ल्याशेजारी उभा राहून व्यवस्थापकावर गरजलो, की तुमच्या गावात कोणीतरी वेडा मोहरी पितो आहे आणि त्याच्यापायी माझ्या काकांची बोट जाते आहे! त्या बिचाऱ्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. रोज एक बरणी. संध्याकाळी पाच चाळीसला. शनिवारी दोन.

काका, मला तरीही कळलं नाही. मी म्हणालो, "हा इसम सापडलाच पाहिजे."

हुल्सेबॉस बाईंनी काठी उचलून माझ्या पोटाला टेकवली. "हा काय इसम," त्या म्हणाल्या. "चार महिने बघतेय मी. अरे, एवढी मोहरी खातोस तरी कशाबरोबर?" सगळी रांग हसली. ज्या आजोबांना ऐकू येत नाही तेही हसले. निन्के बिलाच्या कागदाची गुंडाळी बदलायला लागली. ती संपलेली नव्हती.

गोदामात परतून मी साहेबांना सगळं सांगितलं. नोकरी राहिली, पण मोहरी माझ्याकडून काढून मला कागदी रुमाल दिले आहेत. (त्यांच्या मते प्रेमात पडून कोणी कागदी रुमाल घेत नाही. साहेबांचं लग्न झालेलं नाही.) तेव्हापासून मी विचार करतो आहे. या सगळ्यात एकही माणूस वाईट नव्हता, हे मला जास्त लागलं. कोणी लबाडी केली नाही. फळी रिकामी दिसू नये, कोणी हिरमुसून परत जाऊ नये, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं, आणि त्यासाठी प्रत्येकाने आपल्या पदरचं थोडंसं घातलं. आकडा सगळ्यांनी पुढे दिला. ही मोहरी कोणासाठी, हे कोणीच विचारलं नाही. ते विचारलं फक्त हुल्सेबॉस बाईंनी, त्याही अशा रांगेत जिथे कोणाला घाई नव्हती. ब्रान्ड्स्मा सरांना मी पत्र लिहिणार आहे. गाढव चार लागतात हे बरोबर, पण एकाच गाढवाला दोन जागी बसवलं तर तीनही पुरतात, हे त्यांच्या खेळात नाही.

आता जड गोष्ट. तीनशेतली थोडीच खोकी आली आहेत, तरी दुकानांत आणि गोदामात आज जेवढ्या बरण्या आहेत तेवढ्या विकायला निदान आठ महिने लागतील. उरलेली खोकी रद्द होतील, आणि तोवर तुमच्याकडे नवी एकही मागणी येणार नाही. तीनशेनंतर शून्य येईल, आणि त्यावर पुन्हा शून्य. तेव्हा दुसरं जातं आलं तर ते उभं राहील, आणि बोट गेलेली असेल. काकूंनी गायनमंडळात काय सांगायचं ते मला सुचत नाही. हवं तर माझं नाव सांगा. वीस वर्षं तुम्ही वाट पाहिलीत की कोणीतरी आपली मोहरी शोधत येईल, आणि आला तो घरचाच पोरगा, तोही मोहरीसाठी नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, काका. ओरडायचं असेल तर ओरडा. मी उलट ओरडणार नाही. मोहरी मात्र खरंच चांगली आहे; चार महिने मी तिच्याबरोबर राहतो आहे.

काकूंना नमस्कार, कोंबड्यांना दाणे.

तुमचा,
सीत्से

ता. क. त्या हार्लिंगनच्या माणसाला नकार कळवलात ना? आधी ते करा, मग पुढचं वाचा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी पाच चाळीसला दुकानात जाऊन आलो. पहिल्यांदाच रिकाम्या हाताने. निन्के म्हणाली, "एक सांगू? जूनमधली ती दोन खोकी कॉम्प्युटरने नव्हती मागवली. मी हातानं आकडा घातला होता. आदल्या दिवशी तुम्ही तोंड पाडून गेलात ना." मग म्हणाली, तिला मोहरी अजिबात आवडत नाही.

ता. क. तिसरा. तेव्हा, बोट वाचवा हे मी तुमच्यासाठी लिहिलं आहेच, पण तुमच्यापासून लपवत नाही: शिडाच्या बोटीतून फिरवून आणीन असं मी तिला मे महिन्यातच सांगून बसलो आहे, आणि बोट माझीच असल्यासारखं सांगितलं आहे. पुढच्या रविवारी ती मोकळी आहे. सकाळच्या गाडीने येतो. तिच्यासमोर मला सुकाणू धरू द्या, नंतर हवं ते बोला.

ता. क. चौथा. हुल्सेबॉस बाई पण येतो म्हणतात. तुमच्या मोहरीची बरणी त्या दोन महिन्यांतून एक घेतात आणि संपवतात. हे आपलं खरं गिऱ्हाईक, तेव्हा त्यांना बसायला पाठ असलेली खुर्ची ठेवा. म्हणजे आम्ही तिघं. काकूंना सांगा, वाटाण्याचं सूप तिघांचंच वाढवा. तिघांचं, काका. असावं हाताशी म्हणून चौथ्याचं नको.