खुर्चीतून उठणाऱ्या बाहुल्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, धंदा बाहुल्या हलवून त्यांचे चित्रपट करण्याचा, येत्या आठवड्यात हृदयाचे ऑपरेशन आहे म्हणून हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. नवऱ्याने चहा आणून ठेवला आणि दार ओढून घेतले, एवढेच.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक नवऱ्याला. माझी कपाटे आवरू नयेत असेही लिहिणार होते; पण जिवंतपणी ज्याने ऐकले नाही, तो नंतर काय ऐकणार.

२. कॅमेरा, दिवे, चिमटे आणि सगळ्या बाहुल्या कार्यशाळेतल्या माझ्या भागीदारणीला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे तिला कधी तोंडावर सांगितले नाही; इथे सांगते. मात्र तिची बाहुली दोन्ही हात एकदम, एकाच उंचीवर उचलते.

"कवायत चाललीये का गं?" मी विचारायचे.

"तू तुझं बघ," ती म्हणायची.

तिने बाहुलीचे वजन एका पायावर टाकावे, एक खांदा पाडावा. राग असो वा माया, चेहऱ्यावर रंगवण्याआधी पाठीत आणावी. नुसती सावली दिसली तरी मनातले कळले पाहिजे.

३. टेबलावर खिळवलेला म्हातारा बाहुला बाबांवरून केला आहे. केसभर हलवायचे, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचे, असे करत मी त्याला खुर्चीतून अर्धा उठवला आहे. मी परतले नाही, तर उरलेला भागीदारणीने उठवावा.

दादाला हे मान्य नाही. त्याचे म्हणणे प्रामाणिकपणे नोंदवते: "बाबांना असं वाकलेलं चारचौघांत दाखवणार? ताठ उभं कर त्यांना." तो प्रेमापोटी बोलतो, म्हणूनच उत्तर देणे जड जाते. मी बाबांच्या अशक्तपणाचे प्रदर्शन तर मांडत नाही ना, हे मीही स्वतःला विचारले. उत्तर सापडेना, तेव्हा बाबांनाच विचारले.

"मी उठतो तसाच उठव," ते म्हणाले. "फक्त घाई करू नकोस. मी करत नाही."

म्हणून ही अट. आधी नजर जाईल, मग मान. धड पुढे झुकेल, किंचित खालीही जाईल. वर जाण्याआधी माणूस खाली जातो. डावा हात खुर्चीवर, उजवा गुडघ्यावर. मध्ये एकदा थांबू द्यावे, पण गोठू देऊ नये. त्या थांबण्यात श्वास दिसावा. दादाने या कलमात हात घालू नये. माझी गाडी त्याला. ही लाच नव्हे. तो ती माझ्यापेक्षा बरी चालवतो.

४. बाबांना काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले.

"म्हणजे फुकटात सही हवीय होय तुला?" बाबा म्हणाले. "करतो."

स्थळ: माझी कामाची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिली: शेजारच्या डॉक्टरीणबाई. लिहिणारी शुद्धीवर असल्याची त्यांनी खात्री केली. जरा जास्तच प्रश्न विचारून.

साक्षीदार दुसरे: वडील. मी कागद त्यांच्याकडे नेऊ लागले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटले आणि खुर्चीतून उठू लागले. शेजारी उभ्या दादाने आधाराला हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि ते पूर्ण उभे राहीपर्यंत नुसता पाहत राहिला.