टोपाची डावी बाजू

॥ श्री ॥
हिनकल, मैसूर
१ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
फत्तेसिंगाचा शि. सा. न. वि. वि.

छुन्... छुन्... छुन्. आठवतो का गं हा आवाज? खंडेनवमीच्या सकाळी आजोबा पूर्वजांचा लोखंडी टोप घालून माडीवरून उतरायचे, तेव्हा दर पायरीला यायचा. मी ओरडायचो, रिसाला निघाला म्हणून! पुढे केव्हातरी तो थांबला. साखळी गंजली असेल. मग टोपच गंजून खंडित झाला आणि बाबांनी तो कावेरीत सोडला. टोपावर पहिलं शेवंतीचं फूल घरच्या लेकीनं वाहायचं, ही आपली रीत. रिकाम्या पाटाला फूल वाहायला मी यायची नाही, असं तू त्या वर्षी बजावलंस, ती खंडेनवमीला पुन्हा आलीच नाहीस.

तर अक्का, मी टोप बांधतोय. हसू नकोस. यशस्विनी लहानपणी खेळायची त्या प्लास्टिकच्या विटा माळ्यावर पडून होत्या. ती म्हणाली, अज्जा, सुम्मने बसू नका, काहीतरी माडा. माझ्या नातीचं निम्मं कानडी मराठी तुला ठाऊक आहेच.

प्रत्येक विटेच्या डोक्यावर पुटकुळ्या असतात, त्या वरच्या विटेच्या पोटात टक्कन बसतात. पण चौकोनी विटांचा गोल टोप व्हायचा कसा? दोन दिवस मी नुसता बघत बसलो. मग पोरीनं दाखवलं की काही विटांच्या पुटकुळ्या बाजूला असतात. आत ओबडधोबड गाभा रचायचा आणि भिंतीवर शेणी थापाव्यात तशा बाहेरून करड्या विटा लावत जायचं. एक पुटकुळी लघू, दोन पुटकुळ्या गुरू, असं धरून मी ओळी जुळवतो. बिंदुमाधव मास्तर टेबलावर छडी आपटून भुजंगप्रयात शिकवायचे, ते आज कामाला आलं बघ.

उजवी बाजू डोळ्यांपुढे आहे. कानावरची पाकळी, तिच्याखाली लोंबणारी साखळी. डावी मात्र काही केल्या आठवत नाही. पूजेला बसताना आजोबांच्या उजव्या मांडीवर मी असायचो, डाव्या मांडीवर तू. डावी बाजू तुझ्याकडेच आहे, ती कळव. आणि यंदा फूल वाहायला ये. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा,
फत्तेसिंग


॥ श्री ॥
सरगूर
८ सप्टेंबर

चि. फत्तेसिंगास अनेक आशीर्वाद.

सत्त्याहत्तराव्या वर्षी विटा रचतोस, शाबास! वनजाला पत्र वाचून दाखवलं. माझी सून काय म्हणाली माहीत आहे? मामांना इकडे बोलवा, गोठ्याची भिंत पडलीय.

डावी बाजू मी सांगणार नाही. लहानपणी गणितं माझ्या पाटीतून उतरवायचास, आता पुरे. आधी तुझ्या अकलेनं कर, मग बघू.

येण्याचं म्हणशील तर गुडघ्यांना विचारलं, ते नाही म्हणाले. शिवाय खेळण्याला फूल वाहायचं का, तेही मला कळत नाही. तू इकडे येण्याचा तर प्रश्नच नाही. बस दिसली तरी तुझ्या पोटात ढवळतं. माझ्या लग्नाच्या वऱ्हाडातून वाटेतच उतरून घरी परतलास, ते मी विसरलेले नाही.

रात्री डोक्याला तेल लावत जा. अक्काचा रागलोभ समजून घे.
शकुंतला


॥ श्री ॥
हिनकल
१९ सप्टेंबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

टोप झाला! उजवीसारखीच डावी केली, आरशात पाहून. बाहेरून लोखंड वाटावं असा करडा. आतला गाभा मात्र गुलाबी, पोपटी, पिवळा, कारण करड्या विटा आतल्यासाठी उरल्याच नाहीत. यशस्विनी म्हणते, आतलं कुणाला दिसतं? पण मला ठाऊक आहे ना. सारखं वाटतं की आपल्या आजोबांचंही तसंच असेल.

दसऱ्याच्या बाहुल्यांसाठी पायऱ्या मांडायच्यात, त्यांत सगळ्यात वर त्याला ठेवणार. नवमीला पाटावर.

पण अक्का, काहीतरी चुकलंय. त्याला आवाज नाही. डोक्यावर धरून जिना उतरलो. टक टक झालं, बस्स. किल्ल्यांची साखळी बांधून पाहिली, तर सरकारी शिपाई चालल्यासारखं वाजलं. त्या छुन् शिवाय हे नुसतं पालथं पातेलं आहे. असल्यावर फूल वाहायला तुला तरी कोणत्या तोंडाने बोलवू?

डावी बाजू सांग गं. आणि काही असो, ये.
तुझ्या मायेचा भुकेला,
फत्तेसिंग


॥ श्री ॥
सरगूर
३० सप्टेंबर

चि. फत्तेसिंगास अनेक आशीर्वाद.

आरशातली उजवी म्हणजे डावी नव्हे रे. डाव्या बाजूला साखळी नव्हतीच. ती आपल्या जन्माआधीच तुटली, नुसता आकडा उरला होता. माझ्या पैंजणाचं घुंगरू निखळलं, ते मी त्या आकड्याला अडकवून ठेवलं. आजी भडकली, मर्दाच्या टोपाला पोरीचं घुंगरू म्हणून. आजोबा म्हणाले, घोडे गेले, रिसाला गेला, घुंगरू तरी वाजू दे. तुझा रिसाला तो, वेड्या! माझ्या लग्नाच्या दिवशी त्यांनी ते काढून माझ्या मुठीत ठेवलं. म्हणून आवाज थांबला. गंजबिंज काही नाही.

त्या घरात ते आता कुणाच्याच लक्षात नसेल, असं धरून चालले होते मी. तू पहिल्याच ओळीत छुन् लिहिलंस आणि मला चष्मा काढून ठेवावा लागला. चिडवलं ते त्यानंतर.

घुंगरू या पाकिटात घालते आहे. नवमी उलटून गेल्यावर पोचेल, पण पोचेल. यशस्विनीला डाव्या कानापाशी आकडा करायला सांग. उद्याचं फूलही तिलाच वाहू दे, तीही लेकच. गुडघे खरंच उठू देत नाहीत रे. यंदा रुसवा नाही, शपथ.

थांब, फाटकाची कडी वाजली.

वनजा सांगत आली की अंगणात कुणी म्हातारा उभा आहे. बसच्या प्रवासानं तोंड लिंबासारखं पिवळं पडलंय, हातात शेवंतीची पुडी आहे आणि पोटाशी एक करडं डोकं धरलंय. डावी बाजू खड्ड्यांत निखळली म्हणतो. तिच्या विटा खिशातून काढून एकेक पायरीवर मांडतोय.

बरं झालं, पाकीट अजून चिकटवलं नव्हतं.