परकरातली वाळू

त्या सकाळी अंगण झाडून, सडा घालून मी रांगोळीचे ठिपके मांडत होते. वडिवु अक्का विहिरीवर आमचे परकर धूत होती. आधी तिने माझा धुतला. मग स्वतःचा झटकला, तर काठाच्या दुमडीतून मूठभर वाळू पडली. तसली पांढरी वाळू गावात एकाच ठिकाणी होती, सिनेमाच्या तंबूत, बसायला पसरलेली.

मी कुंजरम, कै. मरुदमुत्तू यांची पत्नी, वय ६६, राहणार कोविलपट्टी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहिते. मी शाळेत गेले नाही. सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिकांवरून वाचायला शिकले. गाणी पाठ होती, अक्षरं जुळवत गेले.

१. यांची पत्र्याची हत्यारपेटी मुलगा इळंगो याला. हे तीस वर्षं त्याच तंबूत सिनेमाचं मशीन चालवत. त्यांचा खाकी सदरा माझ्याबरोबर जाळावा. तो मी अजून धुतलेला नाही.

२. राहतं घर अक्काला, ती आहे तोवर. नंतर इळंगोला.

इळंगो म्हणाला, "अम्मा, वडिवु पेरियम्माची सत्तरी उलटली. आता कसलं घर?"

"तिच्या लेकीच्या पडवीत पथारी आहे तिची, म्हणून."

कारण लिहिते. सिनेमाचा हट्ट माझा होता. देवळात जातो असं सांगून आदल्या रात्री अक्काने मला नेलं. मला पडदा दिसावा म्हणून वाळूचा ढीग करून त्यावर बसवलं. मागची बाई ओरडली, "ए, तो डोंगर पाड आधी!" अक्का म्हणाली, "लहान आहे हो ती."

सकाळी वाळू पाहून आमच्या वडिलांनी, अप्पांनी, मला विचारलं, "तूही होतीस?"

माझा परकर धुऊन झाला होता. मी म्हणाले, "नाही. अक्का एकटीच गेली होती."

अक्का माझा परकर पिळत राहिली. तिची आठवीची शाळा सुटली, वर्षाच्या आत लग्न झालं.

किल्ली देण्याआधी इळंगोने हे कलम तिला वाचून दाखवावं. मोठ्याने, तिला कमी ऐकू येतं.

साक्षीदार: पोन्नुत्तायी, शेजारीण. आरुमुगम, निवृत्त पोस्टमन.
कोविलपट्टी, १२ फेब्रुवारी २०१४.
सही: कुंजरम

सहीनंतरची भर, दोन्ही साक्षीदारांसमक्ष: पोन्नुत्तायी म्हणाली, "जिवंतपणीच सांग की, बये." मी म्हटलं, "सांगायला बसले की ती माझ्या पानात भात वाढते." मग तिने विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशी काय केलंस गं?"

तेही अक्काला वाचून दाखवावं. दुसऱ्या दिवशी, खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून, अप्पा मला त्याच सिनेमाला घेऊन गेले. मी गेले. बायकांच्या बाजूला एकटी बसले. वाळूचा ढीग माझा मीच केला.