तोंड आलेल्या दिवसांत

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुमच्यासारखीच कॅन्सरची गाठ माझ्याही नशिबात निघाली, तुमच्या छातीत होती, माझ्या आतड्यात. गेल्या आठवड्यात बारामतीच्या दवाखान्यात सलाईन चालू असताना नर्सबाईंनी तोंडात धरायला बर्फाचे खडे दिले. सगळ्यांच्या औषधाला बर्फ चालत नाही, माझ्या औषधाला चालतो. तोंड गार राहिलं की फोड कमी येतात म्हणे. खडा जिभेवर विरघळत होता, डोळे मिटत होते, आणि निमगावचं आपलं अंगण समोर आलं. ऊन पसरलेलं, त्यावर शेवग्याची फुलं पडलेली.

त्या अंगणात मी पुन्हा नवी सून आहे, माझं लग्न होऊन फार दिवस झालेले नाहीत. सासूला आत्याबाई म्हणायचं एवढंच मला कळतं, बाकी नुसती तुमची भीती. तुमची इंजेक्शनं सुरू आहेत. मी आमटी-भाकरी पुढ्यात ठेवते, तुम्ही एखादा घास चिवडता आणि ताट सरकवता. "भूक न्हाय." मला वाटतं, माझ्या हातचं तुम्हाला रुचत नाही. चुलीपाशी मी डोळे पुसते. मग तुम्ही पाणीसुद्धा नको म्हणायला लागलात, तेव्हा मात्र मी तुमचा दंड धरून तुम्हाला उजेडात आणलं आणि म्हणाले, "तोंड उघडा."

"सुनंपुढं तोंड उघडू व्हय? येडी हायेस का?"

मी तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळानं तुम्ही तोंडावरचा पदर बाजूला केलात. जीभ सोललेली, गालांच्या आत पांढरे चट्टे, हिरड्या लालबुंद.

"कवापासनं?"

"लई दिस झालं. तुला कशाला तरास."

दुपारच्या एसटीनं आपण बारामती गाठली. नर्सबाई तुमच्यावर रागावल्या नाहीत, माझ्यावर रागावल्या. "या औषधानं तोंड येतंच, पण पहिल्या दिवशी सांगायचं. पाणी जाईना, ताप आला, तर घरी थांबायचंच नाही." तोंडात लावायला औषध दिलं. ब्रश मऊ, मिश्री बंद, तिखट-आंबट-कढत काही नको, आणि कोमट पाण्यात थोडं मीठ, थोडा खायचा सोडा घालून दिवसभर अधूनमधून गुळण्या. शेजारणीनं तोंडात फिरवायला तुरटी आणून दिली होती, ती मी परत केली.

मिश्रीवरून तुम्ही केवढ्या भडकलात. "ह्या घरात नांदायचं हाय का न्हाय तुला?" मी मिश्रीची डबी पदराखाली लपवली, पण दिली नाही. गुळण्या करायची तुम्हाला लाज वाटायची, म्हणून मीही शेजारी उभी राहून करायची. दोघींची तोंडं आभाळाकडं, घशात गुळगुळ. एकदा तुम्हाला मध्येच हसू फुटलं आणि सगळं पाणी माझ्या लुगड्यावर. तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. अजूनही दुपारी डोळा लागला की ते हसू ऐकू येतं, आणि जागी झाले तरी थोडा वेळ तिथंच असते.

हळूहळू तोंडातल्या जखमा भरून आल्या. पुढच्या इंजेक्शनाला आपण आधीपासूनच गुळण्या सुरू केल्या; फोड आले, पण गार पेज आणि दूध-भात पोटात जात राहिला. उपचार पुरे झाले. एका सकाळी तुम्ही स्वतः चुलीपुढं बसलात, भाकरी थापलीत, आणि पहिली माझ्या ताटात टाकलीत. पुढं काही वर्षांनी दुखणं उलटलं, पण मधली ती वर्षं तुम्ही चवीनं जेवलात.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून लिहायचं धाडस होतंय. परवापासून माझ्या जिभेखाली चुरचुरतंय. आज सून जवळ येऊन बसली. "आई, तोंडात काही होतंय का?" मी नाही म्हणाले. उपाय सगळे मला पाठ आहेत, आत्याबाई. त्या पोरीपुढं तोंड उघडणं तेवढं जमत नाहीये.