पास्कूच्या फटफटीतली डावीकडची जागा

शुक्र. ५ जानेवारी १९५१
तोंडाने घात केला. काल केळी भरताना शर्यतीचा विषय निघाला. सणाच्या रविवारी, एकवीसला, भुईगावच्या किनाऱ्यावर साइडकारच्या चार फटफट्या धावणार, एकेकीत दोन माणसे. माझा भाचा पास्कू उतरणार आहे. शेजारचा इनास म्हणाला, पास्कूच्या बाजूला बसायला छाती लागते. मी बोलून गेलो, रोज पहाटे स्टेशनपर्यंत मी बसतो तो काय वारा खायला? सगळे हसले. मीही. आज पाहतो तर गावभर झाले, म्हातारा बसणार.

रवि. ७
मिस्सेची प्रार्थना आटोपल्यावर देवळाच्या पायरीवर फादरांनी खांद्यावर हात ठेवला. या वयात, शाबास, म्हणाले. आजूबाजूला माणसे उभी. मान हलवली. घरी येईपर्यंत पोट बिघडले.

मंगळ. ९
पास्कूला सांगितले, दुसरा कोणी तरणा बघ. रागावला नाही. म्हणाला, तरणे घट्ट धरून बसतात, कलत नाहीत. तुम्ही नाही तर वाळूची गोणी ठेवीन.
गोणी. डावीकडे वळताना साइडकार उचलली जाते. आतल्या माणसाने त्याच वेळी बाहेर झुकून ती दाबायची. गोणीला काय कळते कधी झुकायचे? गाडी उलटली तर खाली पास्कूच. हे त्याला माहीत आहे, तरी उतरेल. बापाचा हट्ट.
पो. पुन्हा. (रोज पोट बिघडले असे कोण लिहील. आता नुसते पो.)

गुरु. ११
पास्कूची आई, माझी धाकटी बहीण, आली होती. इकडचे तिकडचे बोलली. वालाच्या शेंगा, विहिरीचे पाणी. उठताना म्हणाली, "दादा, तू बाजूला असलास तर तो जपून चालवील. मला तेवढाच आधार."
नाही म्हणायचे ठरवून बसलो होतो. चहा निवून गेला.
पो.

रवि. १४
किनाऱ्यावर सराव केला. वाळूत दोन खुंट पुरले आहेत, त्यांना वळसा घालून फेऱ्या मारायच्या. पहिल्याच वळणावर माझे डोळे मिटले. दांडी धरून गच्च बसलो. झुकलोच नाही. चाक उचलले आणि दोघेही वाळूत. पास्कूचे कोपर सोलले. मला काही नाही, धोतर तेवढे गेले. पाचूबंदरची मासळीवाली टोपली डोक्यावर घेऊन उभी होती. म्हणाली, "बाबा, मरायचंच तर पानी तिकडं हाय."
पास्कू हसला. रक्त पुसत हसला. मला हसता आले नाही. ते कोपर माझ्यामुळे.

मंगळ. १६
पहाटे पिकलेली राजेळी केळी स्टेशनवर नेली. वाट खड्ड्यांची. उतरल्यावर लक्षात आले, वाटभर भीती वाटलीच नाही. टोपली गुडघ्यांत धरलेली, जीव सगळा केळ्यांत. पिकल्या राजेळीला धक्का लागला की काळी पडते, मग कोणी घेत नाही. वळण आले की अंग आपोआप डावीकडे जाते आणि तोंडातून निघते, हळू, राजेळी आहेत. इतकी वर्षे हेच. कधी विचार केला नव्हता.
मोकळा बसलो की भीतीला जागा मिळते, असे काही असावे.
पास्कूला म्हटले, शर्यतीला टोपली ठेवू. आधी हसला. मग म्हणाला, बघू या.

गुरु. १८
टोपली घेऊन सराव. चाक एकदाही उचलले नाही. केळी जशीच्या तशी. पोटभर भात खाल्ला. ही माझ्याकडे बघत राहिली.

शनि. २०
पंचांनी ठरवले, साइडकारमध्ये एक तर माणूस नाहीतर गोणी, माणसाबरोबर टोपली नको. वजनाचा फायदा होतो म्हणे. इनास सांगायला आला, तोंड पाडून, पण डोळ्यांत मजा.
हिला म्हटले, अंगात कणकण आहे. हिने कपाळाला हात लावला. "थंडगार आहे. मी देवळात दोन मेणबत्त्या लावून आले. एक पास्कूची, एक तुमची. तुमची मोठी घेतली."
आता मेणबत्तीही मागे लागली.

रवि. २१
मिस्सेतला एक शब्द कानात शिरला नाही. पो. दोनदा.
चारला पाणी उतरले, वाळू उघडी पडली. सगळा गाव किनाऱ्यावर. बहीण कुठे दिसेना. साइडकारमध्ये बसायला पाय उचलेना. इनास मागून म्हणाला, गोणी आणू का? त्याच्यामुळे नव्हे, पण पास्कूच्या मुठींकडे लक्ष गेले म्हणून बसलो. मुठी थरथरत होत्या. म्हटले इंजिनाने असेल. इंजिन अजून सुरू व्हायचे होते.
वळण आले. गुडघ्यांत काही नाही. तरी ओरडलो, हळू, राजेळी आहेत. अंग झुकले. चाक जमिनीवर राहिले. दर वळणाला ओरडलो. पास्कू हसत होता की रडत होता, वाऱ्यात कळेना.
दुसरे आलो. बहीण गर्दीतून आली. मुलाला नाही, आधी माझ्या हाताला धरले. हात घामाने निसरडा होता.
जेवलो. भीती गेली असे वाटले.

सोम. २२
गेली नाही. पहिल्या दोघांची आता अंतिम शर्यत, येत्या रविवारी. हे मला आज कळले. बाकी सगळ्यांना आधीच माहीत होते.
पहाटे स्टेशनच्या वाटेवर पास्कू पुढे बघतच म्हणाला, "मामा, रविवारी वळणावर हळू म्हणू नका. तुम्ही म्हटलं की माझा हात आपोआप ढिला पडतो. सवयच आहे. त्यानंच दुसरे आलो."
ते न म्हणता मला झुकता येत नाही, हे त्याला कसे सांगू? सांगितले तर गोणी ठेवील. बहिणीला सांगावे तर ती उतरूच देणार नाही, आणि मग पास्कू जन्मभर माझ्याशी बोलणार नाही.
उतरताना त्याने टोपली हातात घेतली. म्हणाला, केळी असतील तेव्हा म्हणा की, खुशाल म्हणा.
उद्याही केळी आहेत. रविवारचे अजून बोललेलो नाही.